उसनं पाप

आमच्या घरात खुर्च्या दोनच होत्या, पण पाहुणे कितीही आले तरी कोणाला उभं राहावं लागलं नाही. उरलेले पत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसत. पत्रिका म्हणजे लग्नाच्या नव्हेत आणि कुंडलीच्याही नव्हेत; येशूची वार्ता सांगणाऱ्या, चार पानी, पहिल्या पानावर चित्र आणि शेवटच्या पानावर "प्रिय वाचका" अशी हाक असलेल्या. बाबा त्या जुन्या जालन्यातल्याच एका छापखान्यातून छापून आणत, गठ्ठे भिंतीला लावून रचत आणि सुट्टीच्या दिवशी बसस्थानकावर, बाजारात, दवाखान्याच्या दारात वाटत फिरत. त्यांची नोकरी बियाण्याच्या कंपनीत, पाकिटं भरण्याच्या खात्यात. "आठवडाभर कपाशी पेरायची, रविवारी वचन पेरायचं," असं ते म्हणत. कपाशी उगवल्याचं लोक येऊन सांगत. वचनाचं कोणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि ते विचारायचं नाही अशी घरात न बोलता ठरलेली गोष्ट होती.

शाळेत जायच्या आधी मी या गठ्ठ्यांवर अक्षरं शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द "थांबा!" हा होता, उद्गारचिन्हासकट. डब्यांच्या तळाशी पत्रिका, टेबलाच्या आखूड पायाखाली पत्रिका, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रिकांचीच. गल्लीतल्या पोरी "आई, भूक लागली" म्हणत तेव्हा मी "माझा आत्मा व देह क्षीण झाला आहे" म्हणे, आणि आई मला दोन्हींसाठी मिळून एक धपाटं देई. चौथीत "माझी गाय" या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, "प्रिय वाचका, गाय आज तुझ्या दाराशी उभी आहे. तू दार उघडशील काय?" गुरुजींनी तो निबंध सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला. ते हसून हसून डोळे पुसत होते. मला वाटलं, पश्चात्ताप झाला.

आज मी स्वतःच पत्रकं लिहिते. पाण्याच्या टँकरवर लिहिते, ऊसतोड बायकांच्या मजुरीवर लिहिते, आणि तावातावानं लिहिते. खर्डा संपला की पहिलं काम उद्गारचिन्हं खुडायचं. शेतातल्या तणासारखी पुन्हा येतात ती.

घरात आम्ही चौघं. बाबा, सरकारी दवाखान्यात आया असलेली आई, मी आणि बाबांची मोठी बहीण मार्था आत्या. माझं नाव बाबांनी सुवार्ता ठेवलेलं, म्हणजे आनंदाची बातमी; गल्लीनं त्याचं सुवा करून टाकलं. आत्या सकाळी एका शाळेत खिचडी शिजवायला जायची, बाकी दिवसभर आमच्या चुलीपाशी. तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे इतक्या गठ्ठ्यांच्या मधे राहून ती एकटीच कोरडी राहिली आहे असं माझं ठाम मत होतं. आत्या देवाशी बोलायची, पण ते बोलणं कुठल्याही पत्रिकेत बसणारं नव्हतं. ना सुरुवात, ना शेवट, ना आमेन. पीठ मळताना मधेच म्हणायची, "पाणी जास्ती झालं बघ. आता तूच काय ते निभाव." दळणाला जाताना, "जल्दी नंबर लागू दे बाबा, पाय दुखून राह्यले." आणि जेवताना, भाकरीचा घास तोंडात घोळवत, वर छताच्या पंख्याकडं बघून, "ठेचा बेस झालाय. लई उपकार तुझे."

मला हे खपत नसे. "प्रार्थनेचे सात नियम" या पत्रिकेतला चौथा नियम मी तिला अनेकदा वाचून दाखवला होता: प्रार्थना करताना तोंड रिकामे व मन भरलेले असावे.

"तोंड रिकामं व्हायची वाट पाहिली तर इसरून जाईन की मी," आत्या म्हणायची. "आन् त्याला घास दिसत न्हाई का? त्यानंच तर दिलाय."

तिची शेळी मेली तेव्हा तर तिनं देवाशी अबोला धरला. तीन दिवस. चुलीपाशी इतकी शांतता की आईला वाटलं आत्याला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी भांडी घासताना ती पुन्हा बोलायला लागली. मी कडक आवाजात विचारलं की असं देवाशी भांडणं शास्त्राला धरून आहे का. आत्या म्हणाली, "शास्त्राचं मला न्हाई म्हाईत. पण त्यालाच करमंना. मंग मीच म्हणलं, जाऊ दे." त्या वर्षी मी वहीच्या मागच्या पानावर खऱ्या भक्ताच्या नऊ खुणा लिहून काढल्या होत्या आणि घरातल्या सगळ्यांना त्या लावून बघत होते. बाबांना नऊ मिळाल्या, मला साडेआठ. आत्याला दोन.

गल्लीच्या कोपऱ्यावर बाबूकाकांची निळी टपरी होती. काका मूळचे तीर्थपुरीचे, शेतकऱ्याचं पोर. भावाकडं शेत सोडून ते इथं पान-सुपारी, बिस्किटं, गोळ्या विकायला बसले होते. बाबा दर सोमवारी त्यांना एक गठ्ठा देत आणि काका तो आनंदानं घेत. "मास्तर, कागद लई दमदार तुमचा. सुपारी बांधली तरी फाटत न्हाई." बाबा देवळातल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवत म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. पत्रिकेत सुपारी बांधली जाते याचं मला फार वाईट वाटे, पण बाबांचं म्हणणं असं की सुपारी खाऊन झाली की माणूस कागद वाचतोच. तोंड चालू असलं की डोळ्यांना काम लागतं. मी लहान असल्यापासून काका मला साखर लावलेल्या बडीशेपेची पुडी फुकट देत आणि विचारत, "काय म्हणून राह्यला आज तुमचा देव?"

"देव तुमचा-आमचा नसतो, काका!"

"बरं बाई, आपला. आपला काय म्हणून राह्यला?"

मी सोळा वर्षांची झाले आणि माझं दृढीकरण ठरलं. लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा देऊन जे कबूल केलेलं असतं ते मोठेपणी मंडळीसमोर आपल्या तोंडानं कबूल करायचं, त्याला आमच्यात दृढीकरण म्हणतात. त्यानंतर प्रभुभोजनाला बसता येतं. आमच्या पाळकसाहेबांची त्यात एक अट असे: दृढीकरणाच्या दोन आठवडे आधी प्रत्येकानं उभं राहून आपली साक्ष द्यायची. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, स्वतःच्या शब्दांत, पाठ केलेलं नको. माझ्याबरोबरची पोरं आरामात होती. कोणी म्हणणार होतं देवानं गणितात पास केलं, कोणी म्हणणार होतं आजीचा मोतीबिंदू बरा झाला. मला असल्या मोतीबिंदूंची कीव येत होती. साक्ष म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. शेकडो वाचल्या होत्या. साक्षीला तीन भाग लागतात: आधी अंधार, मग वळण, मग उजेड. वळणावर हातात एक पत्रिका पडते. उजेडाची आणि वळणाची माझी तयारी पक्की होती. अडचण अंधाराची होती. माझ्याजवळ पाप नव्हतं.

म्हणजे होतं, पण पत्रिकेच्या लायकीचं नव्हतं. एकदा मैत्रिणीच्या वहीतून मराठवाड्यातल्या नद्यांचा नकाशा उतरवला होता. एकदा आत्याच्या डब्यातली गुळाची ढेप कुरतडली होती. "गुळापासून सुटका" नावाची पत्रिका कोण घेणार? मी तीन दुपारी गठ्ठे उसवून त्यांत बसले आणि दुसऱ्यांची पापं चाळली. दारू चालणार नव्हती, तिचा वास येतो. मटक्यातले आकडे मला कळेनात. चोरी बरी वाटली, पण चोरलेलं परत द्यावं लागतं आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. शेवटी "पुडीतून सुटका" ही एका ट्रक चालवणाऱ्या भावाची साक्ष हाती लागली. दोन वर्षं गुटखा, मग वळण, मग उजेड. नीटनेटकी होती. मी ट्रकच्या जागी सायकल घातली, महामार्गाच्या जागी आमची गल्ली घातली, आणि मला खरोखर असं वाटलं की मी काही खोटं करत नाही आहे. पाप खरं होतं, सुटका खरी होती, फक्त माणूस बदलला होता. देवाला माणसांत फरक नसतो, हेही एका पत्रिकेत होतं.

तो रविवार मला अजून दिसतो. दुपारची उपासना, वर करकरणारे पंखे, पुढच्या बाकावर पदरानं वारा घेणारी आई, कडेला बाबा, आणि मागं दाराशी, चप्पल कोणी नेऊ नये म्हणून तिथंच बसलेली आत्या. गणित-मोतीबिंदूवाले पटापट उरकले. मग मी उभी राहिले. "बंधुभगिनींनो," मी म्हणाले, "दोन वर्षं मी अंधारात चाचपडत होते. माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर, एका निळ्या टपरीवर, मला ते विष मिळालं." निळ्या हा शब्द लिहिलेला नव्हता. पण पत्रिकेत नेहमी एखादा रंग असतो, म्हणून ऐनवेळी घातला. आईचा पदर थांबला. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अगं बया, मास्तराची पोरगी?" मी गुटख्यानं कसं माझं मन पोखरलं ते सांगितलं, शाळेच्या दप्तरात पुड्या कशा लपवल्या ते सांगितलं, आणि मग एके दिवशी, निराशेच्या गर्तेत, माझ्या हातात एक पत्रिका पडली. इथं मी बाबांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून मलाही माझ्या सुटकेचा गहिवर आला आणि मी रडले. सगळी मंडळी रडली. बाबा उठून आले आणि त्यांनी भर सभेत मला जवळ घेतलं. ते त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

घरी पोचताच आईनं मला उजेडाला उभं केलं. "आ कर." तिनं दवाखान्यात हजार तोंडं पाहिलेली. मोबाइलची बॅटरी लावून तिनं माझा दात न् दात तपासला.

"दात तर पांढरेशुभ्र हायेत. कधी खात होतीस गं? समदा दिवस तर माझ्या न्हाईतर आत्याच्या डोळ्यापुढं!"

"अंधारात," मी म्हणाले.

"कोणत्या अंधारात? घरात इन्व्हर्टर हाय!"

बाबांनी तिला थांबवलं. ते रागावले नव्हते. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं, आणि मधेच घास हातात धरून आत्याला म्हणाले, "अक्का, वीस वर्षं वाटून राह्यलो मी. एक माणूस म्हणला न्हाई की मास्तर, तुमची पत्रिका वाचली आन् मी फिरलो. आन् उगवलं कुठं, तर आपल्याच अंगणात." आत्यानं त्यांना आणखी भाकरी वाढली. वर पंख्याकडं बघितलं नाही. बाबांनी त्याच आठवड्यात माझी साक्ष स्वतःच्या अक्षरात उतरवून छापखान्यात दिली. दृढीकरणाच्या दिवशी तीच वाटायची होती.

सोमवारी मंडळीतले चारपाच जण निळ्या टपरीवर गेले. गुटखा हा बंदीचा माल, तो लहान पोरीला विकला, पोलिसात देऊ, असं त्यांनी बाबूकाकांना सुनावलं आणि जाताना टपरीसमोरचं बाकडं उलटं केलं. संध्याकाळी बाबा स्वतः गेले. मी खिडकीतून पाहत होते. काका हात जोडून सांगत होते, "मास्तर, आईची आन, मी बिलकुल न्हाई दिलं. मी माझ्या दुकानात ठेवतच न्हाई." बाबांनी काउंटरवरचा पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि परत आणला. मंगळवारी टपरी उघडली नाही. बुधवारीही नाही. काका सगळं बांधून तीर्थपुरीला भावाकडं निघालेत असं आईनं दवाखान्यातून ऐकून आणलं.

मी स्वतःची समजूत घातली. तंबाखू तर ते विकतातच. एखादी टपरी बंद पडली तर समाजाचं भलंच आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्वाचे मुद्दे मला सगळ्यात भराभर सुचतात ते मी चुकलेली असते तेव्हा, हे मला आता माहीत झालंय. तेव्हा नव्हतं. पण कॉलेजला जाताना मी लांबच्या गल्लीनं जायला लागले होते.

गुरुवारी आत्या येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी करत होती. फोडणीत लसूण, त्यावर येसराचा तो खमंग वास, आणि मी कोथिंबीर निवडत बसलेली. आत्या पळी ढवळता ढवळता वर बघून मोठ्यानं बोलायला लागली. "बघ बाबा, पोरगी गुटखा खात होती म्हणं. दोन वर्षं. रोज माझ्या कुशीत झोपती, पण मला मेलीला वास न्हाई आला. तुला आल्ता का?" मग ती पळी धरून थांबली, कान देऊन ऐकावं तशी. आणि माझ्याकडं वळून साध्या आवाजात म्हणाली, "न्हाई म्हणून राह्यला."

"आत्या, देवाला मधे घेऊ नकोस!"

"मी कुठं घेतलं? तूच घेतलंस की. समद्या मंडळीपुढं."

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मग मी जे बोलले ते माझ्या तोंडून आलेलं, कुठल्याही पत्रिकेत नसलेलं बहुतेक पहिलं वाक्य असेल. "मला पापच मिळेना, आत्या!"

आत्यानं आधी पळी खाली ठेवली, मग ती पाटावर बसली आणि मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. आमटी उतू गेली. "आता मिळालं की," ती शेवटी म्हणाली. "चांगलं ताजं हाय. उसनं आणायचं काम न्हाई."

मी रडायला लागले. काय करू, विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतेस, त्याला सांग. मी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली: "हे सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय..."

"तो काय कलेक्टर हाय का? सरळ बोल."

सरळ बोलायचा मी प्रयत्न केला. काही आलं नाही. सात नियम पाठ असलेल्या, साडेआठ खुणा मिळवलेल्या मला देवाशी बोलायला एक ओळ सुचेना. ज्याच्या नावानं इतकी वर्षं सगळ्या गल्लीला दरडावत होते त्याची माझी ओळखच नव्हती. गुटख्यापेक्षा, टपरीपेक्षाही मला त्या क्षणी याचीच भीती वाटली. आत्यानं माझ्या डोक्यावर येसराचा हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. आधी बाबूकडं जा. आलीस की येतंय बोलणं."

काका टपरीच्या मागल्या खोलीत बरण्या गोणीत भरत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, लेकरू आहेस, जाऊ दे. ते तसं म्हणाले नाहीत. हातातली बरणी त्यांनी गोणीत घातली.

"तुझ्या देवाला म्हाईत हाय का तू काय केलंस ते?"

"हो."

"आन् मास्तराला?"

"नाही."

"मंग आधी मास्तराला सांग. माझं बाकडं उलटं करायला देव आल्ता का?"

बाबा छापखान्यात होते. धान्याच्या दोन आडतींच्या मधे तो छापखाना, बाहेर पोत्यांवर बसलेले हमाल, आत यंत्राचा खडखडाट. कागदाची एक बाजू छापून होत आली होती. बाबांनी एक ताव दोन्ही हातांत धरला होता आणि ते शाईचा वास घेत होते. "बघ, सुवा," ते ओरडून म्हणाले. पहिल्या पानावर एका पोरीचं चित्र होतं, मागं उगवता सूर्य. मी म्हणाले, बाबा, हे खोटं आहे. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी कानाला हात लावला. मी सगळा जीव एकवटला, आणि नेमकं त्याच वेळी छापखानेवाल्यानं यंत्र बंद केलं, त्यामुळे "मी गुटखा कधीच खाल्ला नाही!" हे वाक्य दोन्ही आडतींना, सगळ्या हमालांना आणि समोरच्या कापडवाल्यालाही स्पष्ट ऐकू गेलं. एक हमाल म्हणाला, "लई चांगलं केलं, ताई."

बाबांनी हातातला ताव खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पत्रिका वाचून..."

"नाही, बाबा."

"काहीच न्हाई?"

"मला फक्त पाठ आहेत."

ते एका गठ्ठ्यावर बसले. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. मी वाट पाहत होते की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वळण चांगलं लिहिलं होतंस," ते हळूच म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "मला बी पुष्कळसं पाठच हाय, सुवा. अक्का चुलीपाशी बोलत राह्यती ना, ते ऐकून कधी कधी हेवा वाटतो मला." छापखानेवाल्यानं विचारलं, दुसरी बाजू छापायची का. बाबांनी मानेनं नाही म्हटलं. तिथून आम्ही दोघं सरळ टपरीवर गेलो. बाबांनी हात जोडून माफी मागितली आणि स्वतः गोणीतल्या बरण्या काढून फळीवर लावल्या. चुकीच्या जागी लावल्या. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुम्ही बियाणंच भरा." पण हसले नाहीत. बाकडं मात्र दोघांनी मिळून सरळ केलं.

दृढीकरणाच्या रविवारी मी पाळकसाहेबांना आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "जिथं बोललीस तिथंच उभी राहून सांग." आईनं शिवून ठेवलेला पांढरा ड्रेस मी घातला नाही. मंडळी गच्च होती, कारण सगळ्यांना माझी साक्ष पुन्हा ऐकायची होती. काहींनी पाहुणे आणले होते. दाराशी आत्या, आणि तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, चपला हातात धरून बाबूकाका. बाबांनी त्यांना बोलावलं होतं.

"बंधुभगिनींनो," मी म्हणाले आणि पुढं काही आठवेना. मी काही लिहिलंच नव्हतं. "मी खोटी साक्ष दिली. मी गुटखा खाल्ला नाही. काकांनी मला बडीशेपेशिवाय कधी काही दिलं नाही. माझ्यामुळे त्यांना गुन्हेगार ठरवलं." मला वाटलं होतं मंडळी कुजबुजेल. पण मी मंडळीकडं बघतच नव्हते. कुठं बघत होते तेही सांगता येणार नाही, बहुतेक पंख्याकडं. "तुझ्या नावानं खोटं बोलले मी," मी म्हणाले. "तुझ्याबद्दल सगळं पाठ केलं आणि तुझ्याशी कधी बोलले नाही. मला लाज वाटते. मला बोलायचंय, पण येत नाही." आणि बसले. मी कोणाशी तू-तू म्हणून बोलले हे मला खाली बसल्यावर कळलं.

मग तीच म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "एवढंच?" आणि मागून आत्याचा आवाज आला, "लई झालं की." टपरीवर गेलेल्यांपैकी दोघं उठून दाराशी गेले आणि काकांसमोर हात जोडून उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी इतर पोरांचं दृढीकरण केलं. माझ्या डोक्यावरही हात ठेवला, पण म्हणाले, "तू पुढच्या वर्षी ये. आत्ता कुठं सुरुवात झाली." मी पुढच्या वर्षी गेले. तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, रोज थोडं बोलणं होतं. त्यांनी चष्माही पुसला नाही.

एका बाजूनं छापलेले ते ताव राहिले होते. आमच्या घरात कागद वाया घालवायची रीत नव्हती. बाबांनी छपाई आतल्या बाजूला येईल अशी त्यांची नीट चौकोनी तुकड्यांत कापणी केली आणि गठ्ठा बांधून काकांना दिला. काकांनी तावून सुलाखून बघितला. "कागद दमदार हाय मास्तर," ते म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा हसले. त्यानंतर कित्येक महिने जुना जालना माझ्या अंधारात बांधलेली सुपारी खात होता.

त्यातली एक पुडी काकांनी मला दिली. "घे. आन् काय म्हणून राह्यला आपला देव?" मला उत्तर आलं नाही आणि ते त्यांना आवडलं. पुडी घेऊन मी घराच्या पायरीवर आत्याशेजारी बसले. कागद उलगडला तर आत "दोन वर्षं मी अंधारात चा" एवढंच होतं, पुढं कापलेलं. मी ते आत्याला वाचून दाखवलं. आत्यानं मूठभर बडीशेप तोंडात टाकली, वर बघितलं आणि चघळत म्हणाली, "बघितलंस का रे?" मग ती इतकी हसली की बडीशेप सांडली.

मीही बडीशेप तोंडात टाकली होती. चौथा नियम मला आठवत होता. तोंड भरलेलं होतं, साखर जिभेवर विरघळत होती, समोरून काकांच्या टपरीचा निळा पत्रा उन्हात चमकत होता, आणि मी बोलले. पुटपुटले. आवाज बाहेर आला की नाही, सांगता येत नाही, पण ओठ हलले असणार.

आत्यानं लगेच मान वळवली. "काय म्हणालीस गं त्याला?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले.

आत्यानं खूश होऊन हात पुढं केला, उरलेली बडीशेप मागायला.